प्रत्येक वेळी ‘शॉक’च कशाला?

हिमायतनगरच्या एका पोराचा व्हॉइस मेसेज आलाय. मुलाखतीत किल्लारीच्या भूकंपावर इंग्रजीत बोलायचंय, आणि गड्याच्या प्रत्येक वाक्यात ‘शॉक’!

आपणही सगळीकडे ‘धक्का बसला’ म्हणून मोकळे होतो. पण मराठीत शब्दांना काय तोटा? बघ, 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आवाजानं दचकले ते स्टार्टल्ड; क्षणाचं काम. उजाडल्यावर दगडमातीच्या भिंतींखाली गाडलेलं गाव पाहून सुन्न झाले, तोंडातून शब्द फुटेना, ते स्टन्ड. पुढं कितीतरी रात्री घरात झोपायला धजले नाहीत, ते शेकन. हादरलेले.

आणि अपॉल्ड? त्यात बहुतेकदा चीड असते. मदतीचे पैसे कुणी खाल्ले, तर तिथं हा शब्द.

एक सांभाळ बाबा. ‘आय वॉज शॉकिंग’ म्हणशील तर तूच भयंकर ठरशील! बातमी शॉकिंग, ऐकणारा शॉक्ड.

घरात आजी असेल तर आज विचार, त्या पहाटे तिला नेमकं काय झालं होतं. मग क्रियापद निवड.