उतरता बाजार

बुलढाणा जिल्ह्यांतील मनुष्य आपली ओळख सांगूं लागला म्हणजे तालुक्याच्या आधीं तो घाटावरचा कीं घाटाखालचा, हें सांगतो. मलकापूर, नांदुरा, शेगांव हा पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा मुलूख खालीं. बुलढाणा, चिखली, मेहकर हा पठारी मुलूख वर. आणि मध्यें राजूर घाटाचीं वळणें. ज्या दिवशीं हीं वळणें चढणाऱ्या गाड्यांत माणसांपेक्षां टोपल्याच अधिक दिसतात, तो वार रविवार समजावा. रविवार हा बुलढाण्याच्या बाजाराचा दिवस.

सोमवारीं चिखली, गुरुवारीं खामगांव, शनिवारीं मलकापूर असा बाजारांचा फेरा आठवडाभर चालूच असतो, आणि बांगड्यांचे, कापडाचे व किराण्याचे दुकानदार आपलीं पालें घेऊन त्याच्याबरोबर फिरतात. खेड्यांतील हिशेब पंचांगापेक्षां ह्या वारांवरच अधिक चालतो. उसने पैसे "बाजाराला देतों" म्हणून घेतले जातात, सोयरिकीचा निरोप बाजारांत पोंचविला जातो, आणि शेतमजुराची आठवड्याची मजुरीहि पुष्कळ ठिकाणीं बाजाराच्याच दिवशीं हातीं पडते. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

भाजीच्या ओळींत दोन प्रकारचे विक्रेते आढळतात. एकाच्या डोक्यावर पाल व पुढें वजनकांटा; त्यानें आपला माल पहांटेच्या हर्राशींत घेतलेला असतो. दुसरी एखादी बाई जमिनीवर पोतें अंथरून बसलेली. तिच्यापुढें स्वतःच्या शेतांतलीं वांगीं, अंबाडी, पावसाळा असेल तर डोंगरांतून वेंचून आणलेलीं कटुर्लीं, आणि सांबाराच्या जुड्या. (पुण्याहून बदलून आलेल्या माझ्या एका स्नेह्यांनीं सांबार म्हणतांच डाळीच्या पातेल्याची चौकशी केली होती, वऱ्हाडांत सांबार म्हणजे कोथिंबीर.) १९५६ च्या कायद्यानें शेर जाऊन किलो आला, तरी ह्या बाईचें माप बदललें नाहीं. ती वाटे लावते. वाटा केवढा लावावयाचा, हें तिच्या नजरेंत असतें. सकाळीं तो लहान, दुपारीं जरा ऐसपैस, आणि दिवेलागणीस दोन वाट्यांचा एक. ह्यासच बाजार उतरणें म्हणतात.

वऱ्हाडांतील बाजारास कायद्याचा आधार नवा नाहीं. कारंज्यास १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, व १८९७ मध्यें वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. भारतांतील अशा कायद्यांचा तो मूळपुरुष मानला जातो. खामगांवच्या कापसाची प्रतिष्ठा तर एवढी कीं, १८७० मध्यें त्याच्यासाठीं जलंबहून आगगाडीचा फांटा नेण्यांत आला. पुढें १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला. २०१६ मध्यें फळें व भाजीपाला ह्या नियमनांतून मोकळा झाला, आणि शेतकऱ्यास शहरांत थेट विकतां यावें म्हणून त्याच वर्षीं संत सावता माळ्यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजारांची योजना निघाली. हें सर्व इष्टच झालें. परंतु भाव पडला तर कापूस घरीं ठेवतां येतो. मेथीची जुडी सोमवारपर्यंत थांबत नाहीं, आणि कोणताहि कायदा तिला थांबवूं शकत नाहीं.

एका श्रावणांतल्या रविवारीं, संध्याकाळीं सहाच्या सुमारास, मीं मेथीच्या चार जुड्या एका जुडीच्या भावानें मागितल्या. बाईनें क्षणभर गाड्यांच्या तळाकडे पाहिलें आणि चारी जुड्या माझ्या पिशवींत घातल्या. "घेऊन जा, भाऊ. वापस नेऊन काय करू? गाडीवाला भाड्यात मेथी घेत नाई." मी लढाई जिंकल्यासारखा वळलों, तों मागें एक मजूर बाई पदराची गांठ सोडीत उभी होती. मजुरी नुकतीच मिळालेली. तिलाहि तीच मेथी हवी होती. टोपलींत आतां कांहीं उरलें नव्हतें. ती पुढच्या पालाकडे गेली. घरीं माझ्या व्यवहारचातुर्याचें कौतुक झालें. दोन जुड्या दुसऱ्या दिवशीं पिवळ्या पडून टाकून द्याव्या लागल्या, त्याविषयीं मात्र कोणी बोललें नाहीं.

उतरता भाव हा सर्वस्वीं अन्याय आहे, असें मला म्हणावयाचें नाहीं. ज्याच्या हातीं पैसा संध्याकाळींच येतो, त्याच्या घरीं ताजी भाजी शिजते ती ह्याच भावाच्या आधारावर. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि आठवडी बाजार बंद पडले, तेव्हां आम्हां गांवांतल्या लोकांच्या दारीं हातगाडी आली. परंतु ती येई सकाळच्या भावानें. हातगाडीचा बाजार उतरत नाहीं. ज्यांना संध्याकाळचीच वाट पाहावी लागे, त्यांची ती सोय गेली.

पण आपण? महिन्याच्या महिन्यास पगार घेणारे आपण कशाची वाट पाहतों? नगरपालिकांनीं पिकविणाऱ्यांसाठीं एक ओळ राखून तिच्यावर सांवली व जवळ पाण्याचा नळ दिला, तर त्या बाईला दुपारचें ऊन तरी सोसेल, हें खरें. परंतु दुपारपर्यंत तिची अर्धी टोपली योग्य भावानें रिकामी करणें नगरपालिकेच्या हातीं नाहीं. तें पिशवी घेऊन जाणाऱ्याच्या हातीं आहे. राहिलेली अर्धी तिनें संध्याकाळीं खुशाल उतरवावी. तिला गिऱ्हाईक उभेंच आहे.

हल्लीं मी दहाच्या सुमारास जातों. पहिल्या खेपेस त्या बाईनें माझ्याकडे निरखून पाहिलें व विचारलें, "आज संध्याकाळी गावाले चालले का, भाऊ?" मीं नाहीं म्हटलें. तिनें दोन जुड्यांचा भाव सांगितला, मीं तो दिला, आणि न मागतां तिनें सांबाराच्या चार काड्या वर ठेवल्या.