खाडीच्या चिखलातल्या तिसऱ्या

ठाण्याची खाडी म्हटली की फ्लेमिंगो आठवतात. 2022 मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, तेव्हाही कौतुक झालं ते या गुलाबी पाहुण्यांचंच. आज बोलू या चिखलात दडलेल्या तिसऱ्यांविषयी, म्हणजे दोन शिंपल्यांत राहणाऱ्या छोट्या जिवांविषयी.

भरती आली की तिसऱ्या दोन छोट्या नळ्या वर काढतात. एकीतून पाणी आत येतं, कल्ल्यांवर सूक्ष्म शैवाल गाळलं जातं आणि दुसरीतून पाणी बाहेर पडतं. यांचा नातेवाईक स्कॅलॉप मोठा हौशी! शिंपले फडफडवत तो चक्क पोहतो, आणि त्याच्या कडेला डझनावारी डोळे असतात.

तिसऱ्यांना ही चैन नाही. पावसाळ्यात गोडं पाणी उतरून खाडीचा खारटपणा घटतो. मासे दूर जातात; तिसऱ्या शिंपला घट्ट मिटून तिथेच थांबतात.

अभ्यासकांना नेमका हाच स्थिरपणा उपयोगी पडतो. अन्न गाळताना शिसं, कॅडमियम असे धातूही त्यांच्या मांसात साठत जातात. नमुन्यासाठी बाटलीत भरलेलं पाणी त्या दिवसापुरतं बोलतं. शिंपल्यातल्या जिवाकडे अनेक महिन्यांचा हिशेब सापडतो. अमेरिकेत 1986 पासून याच तत्त्वावर किनाऱ्यांची तपासणी चालते.

आपल्या खाडीला तर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचा शेजार. तेव्हा तिसऱ्या घेताना त्या कुठल्या खाडीतल्या, हे मासळी विकणाऱ्या मावशींना जरूर विचारा. पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, धातू निघत नाहीत.