कागद उभा राहतो तेव्हा



कागदकाम बहुतेक शाळांतून घेतले जाते आणि त्याची रीतही ठरून गेलेली आहे. शिक्षक होडी, पंखा किंवा आकाशकंदील करून दाखवितात. मुले तशीच वस्तू करतात. त्यांतील नीटनेटके नमुने भिंतीवर लागतात. चाळीस मुलांच्या चाळीस होड्या एकसारख्या झाल्या की तास सफल झाला असे मानण्यात येते. याहून मोठा प्रकल्प असला, तर जाड पुठ्ठा, घोटीव कागद आणि डिंकाची बाटली यांचा खर्च पालकांवर पडतो व पुष्कळदा वस्तूही पालकच करून देतात. ज्याच्या घरी पैसा नाही आणि मदतीस मोकळे असे मोठे माणूसही नाही, ते मूल त्या दिवशी शाळेत यावयास कचरते. कागदासारख्या स्वस्त वस्तूने मुलाला शाळेपासून दूर लोटावे, ही गोष्ट शिक्षकाला विचार करावयास लावणारी आहे.

चित्रांचे आणि कागदाचे प्रकल्प कलाशाळेतील विद्यार्थी कसे वाढवितात, हे पाहिले असता या अडचणीतून वाट सापडते.

योझेफ आल्बर्स यांचा जन्म १८८८ साली जर्मनीतील बोट्रोप गावी झाला. कलावंत म्हणून त्यांची कीर्ती पुढे जगभर पसरली. परंतु १९०८ पासून पाच वर्षे ते प्राथमिक शाळेतील शिक्षक होते. १९२० साली, बत्तीस वर्षांचे असताना, ते वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पहिल्या महायुद्धानंतरचे ते हलाखीचे दिवस. रंग घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी उकिरड्यावरील फुटक्या बाटल्यांच्या काचा गोळा केल्या आणि त्या जुळवून चित्रे केली. १९२३ पासून त्याच शाळेत नवागत विद्यार्थ्यांना प्राथमिक पाठ देण्याचे काम त्यांच्याकडे आले.

अशा एका पाठाची आठवण त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितली आहे. आल्बर्स वर्गात आले ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येकाला कागद देऊन त्यांनी सांगितले की, या कागदाचा गुण ओळखून काही करावे, तुकडाही वाया घालवू नये आणि शक्य तर हत्यार वापरू नये. इतके सांगून ते निघून गेले. काही तासांनी परतले तेव्हा मुखवटे, होड्या, किल्ले, विमाने, प्राणी असे पुष्कळ काही मांडलेले होते. ही सारी बालवाडीतील खेळणी आहेत, दुसऱ्या साहित्यात ती अधिक चांगली झाली असती, असे म्हणून त्यांनी ती बाजूस सारली. मग एक साधाच कागद पुढे घेतला. हंगेरीच्या एका तरुण विद्यार्थ्याने त्याला लांबीच्या दिशेने घड्या घालून तो घडीच्या पडद्यासारखा उभा केला होता. बाकी काहीच केले नव्हते.

त्या घडीचे महत्त्व आल्बर्स यांनी उलगडून दाखविले. मेजावर पसरलेला कागद लिबलिबीत असतो आणि त्याची एकच बाजू दिसते. घड्या पडताच तो ताठ होतो, अरुंद कडेवर उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजू दिसू लागतात. हे तत्त्व ग्रामीण मुलाच्या डोक्यावरच आहे. शाळेच्या पडवीवरचा पन्हळी पत्रा सपाट असता तर आपल्याच भाराने लवला असता. पन्हळींमुळे तो पातळ असूनही तग धरतो. वर्तमानपत्राची घडी आणि छपराचा पत्रा यांचा संबंध जे मूल स्वतः जोडील, त्याला कला आणि विज्ञान हे दोन निराळे विषय वाटणार नाहीत.

आल्बर्स यांचा दुसरा धडा रंगांचा. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले आणि ते अमेरिकेत गेले. तेथे रंग शिकविण्यासाठी रंगपेटीपेक्षा रंगीत कागद बरा, असे त्यांचे मत झाले. छापखान्यातील कातरण, वेष्टनाचे कागद, मासिकांची पाने यांतून विद्यार्थी तुकडे जमवीत. वाळलेली पानेही त्यांच्या जोडीला ठेवीत. एकाच रंगाचे दोन तुकडे दोन निरनिराळ्या रंगांवर ठेवले की ते भिन्न दिसतात, हे त्यांना डोळ्यांनी पटत असे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रंगविषयक ग्रंथाच्या मुळाशी असेच प्रयोग आहेत.

कागदातून पुस्तकाचे चित्र कसे जन्मते, याचे उदाहरण एरिक कार्ल यांचे. अमेरिकेत १९२९ साली जन्मलेला हा मुलगा सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर जर्मनीत गेला. ज्या चित्रकारांना नाझी राजवटीने भ्रष्ट ठरविले होते, त्यांची चित्रे दाखविणे तेथे धोक्याचे होते. शाळेतील चित्रकला-शिक्षक क्राउस यांना या मुलाच्या रेघेतील मोकळेपणा आवडला. त्यांनी त्याला घरी बोलावून ती निषिद्ध चित्रे गुपचूप दाखविली. मुलगा प्रथम चकित झाला, परंतु विसरला नाही. पुढे १९४६ ते १९५० या काळात तो स्टुटगार्टच्या कलाशाळेत शिकला व १९५२ साली अमेरिकेस परतला. एके दिवशी कागदांच्या चळतीला यंत्राने भोके पाडीत असताना, ही भोके एखाद्या किड्याने पाडली असावीत, असे त्याच्या मनात आले. पुस्तकातल्या किड्याची गोष्ट सुचली. संपादिकेच्या सूचनेने किड्याचा सुरवंट झाला. आणि १९६९ साली पानापानांतून खात जाणाऱ्या सुरवंटाचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यातील चित्रे रंगविलेल्या पातळ कागदाचे तुकडे कापून व चिकटवून केलेली आहेत. येथेही कल्पना कागदातूनच आली. २०११ साली कार्ल यांनी निळ्या घोड्याचे पुस्तक काढले आणि ते फ्रान्स मार्क या चित्रकाराच्या स्मरणार्थ होते. मार्क यांचे चित्र शिक्षकाने दाखविले, त्याला तोवर सुमारे सत्तर वर्षे झाली होती.

आता गावच्या शाळेत हे कसे करावे? पहिल्या दिवशी प्रत्येक मुलास जुन्या वर्तमानपत्राचे एक पान द्यावे. कात्री व डिंक देऊ नये. ‘हा कागद उभा करा’, एवढेच सांगावे आणि नमुना दाखविण्याचा मोह आवरावा. दोन इयत्ता एकत्र असतील, तर या वेळी दुसऱ्या इयत्तेकडे लक्ष देता येते. उभ्या राहिलेल्या कागदावर मुलांनी एकेक वही ठेवून पाहावी. दुसऱ्या दिवशी कागद उभा व आडवा फाडावा. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसरीकडे वेडावाकडा. लाकडाप्रमाणे कागदालाही रेषा असते, हे मुलांना हातांनी कळते आणि घडी कोठे स्वच्छ पडेल याचा अंदाज येतो. तिसऱ्या दिवशी लग्नपत्रिका, चहाच्या पुड्यांची वेष्टने व वाळलेली पाने यांतून रंग जमवावेत.

त्यानंतर पुस्तक. एका कागदाच्या आठ घड्या करून मध्ये एकच चीर दिली की न शिवता आठ पानांची पुस्तिका होते. बी रुजण्याची, विहिरीची किंवा आजीने सांगितलेली गोष्ट प्रथम पाटीवर लहान लहान चौकटींत कच्ची काढावी, मग कोऱ्या पुस्तिकेत मांडून पाहावी आणि चुकले ते बदलावे. कलाशाळेतील विद्यार्थीही याच पायऱ्यांनी जातो. फसलेले प्रयत्न फेकू नयेत. जुन्या पाकिटात तारीख घालून ठेवावेत. गुण देताना नीटनेटकेपणाबरोबर मुलाचे उत्तरही ऐकावे: हे असे का केलेस?

भिंतीवर एकसारखे नमुने दिसले नाहीत तर तपासणीस येणारा काय म्हणेल, ही शंका खोटी नाही. अशा वेळी शिक्षकाने मुलाची पाकिटे पुढे ठेवावीत. पहिला चुरगळलेला कागद आणि शेवटची पुस्तिका शेजारी मांडली, तर त्या दोहोंमधील अंतर कोणत्याही अधिकाऱ्याला दिसण्यासारखे असते. जो अधिकारी केवळ भिंत पाहून परत जातो, तो आपल्या कर्तव्यात उणा पडतो.

क्राउस यांनी एका मुलाला काही चित्रे दाखविली. आल्बर्स यांनी कागद वाटले आणि ते वर्गाबाहेर गेले. दोघांनीही मुलाचे काम मुलाच्या हातून काढून घेतले नाही. वर्तमानपत्राचे जुने पान प्रत्येक शाळेत मिळते. वाट पाहण्याचे धैर्य तेवढे शिक्षकाने आपल्यापाशी ठेवावयाचे आहे.