खंदक आणि प्रबंध
(मंडळाच्या गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



बदलीमुळे बागबाजारात बिऱ्हाड केले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'मराठा डिच लेन' या नावाने आमचे पाऊल अडविले. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीने कलकत्तेकरांनी येथून खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही आणि फौजही शहरावर आली नाही. १७९९ साली बराचसा खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला; 'बर्गी' मात्र बंगाली अंगाईत राहिले.

मराठीचे येथे आणखी एक येणे झाले. ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. डॉ. सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांनी बंगाली भाषेच्या इतिहासावर प्रबंध लिहून १९२१ साली लंडनची डी. लिट्. मिळविली. पुढे पॅरिसला ते झ्यूल ब्लॉक यांच्यापाशी शिकले. ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली निघाला होता. तो आदर्श मानून, पदवी हाती असतानाही, सुनीतिबाबूंनी आपला प्रबंध वाढविला. १९२६ साली कलकत्ता विद्यापीठाने तो दोन खंडांत छापला. ब्लॉक यांचा ग्रंथ वा. गो. परांजपे यांनी मराठीत आणला तो १९४१ साली. म्हणजे मराठीवरील त्या श्रमाचे फळ बंगालीला आधी मिळाले!

आम्ही स्वतः बी. ए. वरच थांबलो. एम. ए. च्या प्रबंधाची चार प्रकरणे लिहिली होती. बदलीचा हुकूम आला, असे आम्ही सर्वांना सांगत आलो. खरे कारण परीक्षकांचे भय.

गतवर्षी आमच्या कन्येने अखेरच्या प्रकरणाशी लेखणी खाली ठेवली. "बाबा, त्यांनी विचारले आणि उत्तर आले नाही तर?" आम्ही ट्रंक उघडून ती चार प्रकरणे तिच्यापुढे ठेवली आणि प्रथमच खरे काय ते सांगितले. तिने प्रबंध पुरा केला. मौखिक परीक्षेत एका प्रश्नाला ती म्हणाली, "याचा पुरावा मला मिळालेला नाही." परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढ्याच क्षणाला आम्ही तीस वर्षे भ्यालो होतो.

तरुण मित्रहो, प्रबंधाभोवती खंदक खणू नका. प्रश्न विचारणाऱ्याला आत येऊ द्या. ठाऊक असेल ते सांगा, नसेल ते कबूल करा. पण आधी तो पुरा करा. आमच्या कागदांना वाळवी लागली आहे. तुमच्या कागदांना लागू देऊ नका.