जुना लेथ घेताना

सावंगी मेघे परिसरात घरच्या शेडमध्ये जुना लेथ बसवायचा विचार असेल, तर नव्या रंगाला भुलू नका, आधी बेड पाहा. बहुतेक काम चकजवळच होतं, म्हणून बेड झिजतो तोही तिथंच. नख आडवं फिरवा, कड लागते का ते कळेल. मग कॅरेज चकजवळ आणून तिची गिब थोडी आवळा आणि टेलस्टॉककडे सरकवा. तिकडे ती अडकली, तर झीज बरीच आहे.

हरिहरला 1941 साली सुरू झालेल्या मैसूर किर्लोस्करचे लेथ आजही वर्कशॉपमध्ये चालताना दिसतात. तेव्हा नुसतं वय पाहून यंत्र नाकारू नये, हे माझं ठाम मत. चेंज गिअर आणि स्टेडी मात्र सोबतच मागून घ्या. नंतर शोधताना नाकी नऊ येतात.

मोटर थ्री फेज आणि घरी सिंगल फेज असेल, तर व्हीएफडीचा किंवा मोटर बदलण्याचा खर्च आधीच धरा.

पैसे देण्याआधी एखादा अनुभवी टर्नर सोबत न्या, सळईवर एक कट मारून घ्या आणि दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजा.