घरचा संगणक संथ का होतो?

(संगणकाच्या घरगुती वापरासंबंधी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, रेल्वेचे आरक्षण ही कामे ज्या काळी रांगेत उभे राहून करावी लागत, त्या काळी विलंबाचे कारण डोळ्यांना दिसत असे. खिडकी बंद आहे किंवा रांग मोठी आहे, हे कोणालाही कळे. आज ही कामे घरच्या संगणकावर होऊ लागली असली, तरी विलंब संपलेला नाही; त्याचे कारण मात्र दिसेनासे झाले आहे. पडद्यावर एक लहानसे वर्तुळ फिरत राहते आणि समोर बसलेला विद्यार्थी त्याकडे पाहत राहतो. अर्जाच्या अंतिम मुदतीच्या रात्री हा खोळंबा लांबला, तर अनेक संकेतस्थळे सुरक्षिततेसाठी ठरलेल्या वेळेनंतर त्याला आपोआप बाहेर काढतात आणि भरलेली पाने पुन्हा पहिल्यापासून भरावी लागतात.

अशा वेळी घरोघरी दोन निदाने ठरलेली असतात. इंटरनेट बेकार आहे, हे एक. संगणक जुना झाला, हे दुसरे. पहिल्यापायी अधिक दराची जोडणी घेतली जाते, दुसऱ्यापायी नवे यंत्र. ही निदाने कधी खरी असतात. पण ती पडताळून न पाहता केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो.

पडताळणी अवघड नाही. एकच संकेतस्थळ रखडत असेल आणि इतर सर्व नीट उघडत असतील, तर दोष घरात नसून पलीकडे आहे. शासकीय संकेतस्थळांवरही अखेरच्या दिवशी गर्दी होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तेथे घरचा संगणक कितीही साफसूफ केला, तरी उपयोग होणार नाही. पहाटे प्रयत्न करणे हाच उपाय. सर्वच संकेतस्थळे रखडत असतील, तर त्याच वाय-फायवर मोबाइल लावून पाहावा. मोबाइलही रखडला, तर राउटर अथवा जोडणी तपासावी. मोबाइल वेगाने चालला आणि राउटरजवळ नेऊनही संगणक रखडला, तर दोष बहुधा संगणकात किंवा त्यावरील ब्राउझरमध्ये आहे, हे निश्चित धरावयास हरकत नाही.

येथे थोडा इतिहास उपयोगी पडेल. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९९० साली पहिला वेब ब्राउझर तयार केला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्या काळचे पान म्हणजे प्रामुख्याने मजकूर आणि थोडी चित्रे. आजचे पान हे एक चालते यंत्रच असते. त्यात चित्रफिती असतात, जाहिराती असतात आणि वाचकावर नजर ठेवणाऱ्या आज्ञावल्याही असतात. यामुळेच खरेदीच्या वेळी चपळ असलेला संगणक, त्यात काहीही बिघाड न होता, काही वर्षांनी संथ वाटू लागतो. यंत्र तेच राहिले, ओझे वाढले.

हे ओझे मुख्यतः रॅम या स्मृतीवर पडते. कचेरीतील कारकुनाचे टेबल आणि त्यामागील अभिलेखकक्ष डोळ्यांपुढे आणावा. टेबलावरील फाइल हाताशी असते. टेबल भरले, की एक फाइल अभिलेखकक्षात ठेवून दुसरी आणावी लागते आणि सारा वेळ येरझाऱ्यांत जातो. रॅम हे ते टेबल आणि हार्ड डिस्क हा तो अभिलेखकक्ष. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी मंद असते. त्यातच २००८ साली आलेल्या क्रोमने टॅब शक्यतो वेगवेगळ्या प्रक्रियांत चालविण्याची पद्धत रूढ केली. एक पान बंद पडले तरी बाकीची तगावीत, हा त्यामागील चांगला हेतू; त्याची किंमत रॅमने मोजावी लागते. चार जीबी रॅमच्या संगणकावर वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवणाऱ्याने संथपणाबद्दल दुसऱ्या कोणाला बोल लावू नये.

कोणते पान किती जागा अडविते, हे पाहण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. विंडोजवरील क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की यादी समोर येते. नको ते तेथेच बंद करता येते. क्रोममधील ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमधील ‘स्लीपिंग टॅब्ज’ या सोयी न वापरलेले टॅब आपोआप निजवितात.

दुसरे कारण म्हणजे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली पूरक साधने. कधी कूपनासाठी, कधी चित्रफीत उतरवून घेण्यासाठी ती जोडली जातात आणि विसरली जातात. ती मात्र पुष्कळदा प्रत्येक पानावर आपले काम करीत राहतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. तेच पान खाजगी विंडोत उघडून पाहावे. मुद्दाम परवानगी दिलेली नसल्यास तेथे ही साधने बंद असतात. पान तेथे झरझर उघडले, तर संशय याच साधनांवर घ्यावा आणि एकेक बंद करून पाहावे.

साठविलेली माहिती पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कॅशे बिघडला असेल तर त्याचा उपयोग होतो. पण कॅशे हा मुळात वेगासाठीच असतो आणि तो पुसल्यावर पाने आधी अधिकच हळू उघडतात. त्याबरोबर कुकीज पुसल्या, तर संकेतस्थळांवर पुन्हा प्रवेश करावा लागतो. ज्यांना पासवर्ड आठवत नाही, त्यांनी अंतिम मुदतीच्या रात्री हा प्रयोग करू नये.

या साऱ्या वैतागाचा लाभ उठविणारे लोक आहेत. ‘आपला संगणक संथ झाला आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ अशी पाटी पडद्यावर झळकते. दूरध्वनी केल्यास पलीकडील मनुष्य संगणकाचा ताबा मागतो आणि मग बँकेचे खाते रिकामे होते. कोणतेही पान घरच्या संगणकाची अशी तपासणी करू शकत नाही. पाटी बंद होत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करावा. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

एवढे करूनही संथपणा राहिला, तरच यंत्राकडे वळावे. तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास जुना संगणकही पुष्कळदा कामाचा होतो. रॅम वाढविण्याची जागा आहे की नाही, हे मात्र दुरुस्तीकाराकडून आधी पाहून घ्यावे, कारण काही लॅपटॉपमध्ये ती पक्की जोडलेली असते. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, ते संगणक विंडोज ११ चालवू शकतात का, हेही त्याच वेळी विचारावे. डिस्क बदलण्यापूर्वी गुणपत्रिका, दाखले आणि छायाचित्रे यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.