दातांच्या कॉलेजची निवड



वसंतातल्या व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने वेदान्तावर, इतिहासावर, गेला बाजार परराष्ट्रधोरणावर तरी बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही दातांवर बोलणार आहोत. आणि तेही तुमच्या दातांवर नव्हे, तर दात दुरुस्त करण्याची विद्या मुलांनी कोठे जाऊन शिकावी, या प्रश्नावर. चिटणिसांनी विषय ऐकला तेव्हा ते प्रथम हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आमची पुतणी यंदा नीटला बसते आहे, अवश्य बोला." अशा पुतण्या, भाच्या, नाती या मंडपात पुष्कळांच्या असतील. परीक्षेचा निकाल लागला, की आमच्या दवाखान्यात दुखरा दात घेऊन येणाऱ्यांच्या जोडीला कॉलेजांची यादी घेऊन येणारेही बाकावर बसलेले दिसतात.

या मंडळींना आम्ही काय सांगतो ते ऐकण्यापूर्वी, एकदा आम्ही काय सांगून बसलो ते ऐका. बारा वर्षांपूर्वी आमचे एक शिक्षक मित्र मुलाला घेऊन आले. मुलाला दूरच्या गावी सरकारी जागा मिळत होती, आणि जवळच्या शहरात एका मोठ्या नावाच्या खाजगी संस्थेतही मिळत होती. फीमध्ये जमीनअस्मानाचे अंतर. आम्ही संस्थेची इमारत पाहिली होती, तिथल्या परिसंवादात सत्कारही घेतला होता. "नाव जन्मभर पुरते," असे आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो. मित्राने निवृत्तीनंतर घर बांधायला घेऊन ठेवलेला प्लॉट विकला.

चौथ्या वर्षी एका रात्री त्या मुलाचा फोन आला. "काका, कवळीचे दोन पेशंट पाठवाल का? जाण्यायेण्याचा खर्च मी देतो. नाहीतर माझे ठरलेले काम पुरे होत नाही." आम्ही फोन ठेवला आणि बराच वेळ तसेच बसलो. संगमरवरी पायऱ्या, रांगेने मांडलेल्या चकचकीत खुर्च्या, सारे होते. खुर्चीत बसायला तोंड उघडणारा माणूस तेवढा नव्हता. तो आज दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्केवारीवर काम करतो. मुलगा हुशार आहे, हातही आता बसला आहे. पण तो प्लॉट काही परत आला नाही, आणि त्याचे वडील आम्हांला भेटतात तेव्हा या विषयाचा उच्चार करीत नाहीत. त्यांनी एकदा चिडून बोलावे असे आम्हांला फार वाटते.

दंतवैद्यक ही हाताची विद्या आहे, हे यादी करणारे विसरतात. चार वर्षे अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप अशी बी. डी. एस. ची पाच वर्षे. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायचे. दुसऱ्या वर्षी धातूच्या खांबावर बसविलेल्या खोट्या डोक्याच्या तोंडात हात चालवायला शिकायचे. तिथपर्यंत सगळी कॉलेजे जवळपास सारखी. तिसऱ्या वर्षी खरा माणूस समोर येतो, त्याचा खालचा जबडा कण्हतो, जीभ मध्ये येते, लाळ सुटते, आणि मेणावर सुरेख चालणारा हात थरथरू लागतो. हा थरथराट व्याख्यानाने जात नाही. तो दहाव्या, विसाव्या, पन्नासाव्या दाताने जातो. म्हणून कॉलेजचे खरे ग्रंथालय म्हणजे त्याचा बाह्यरुग्ण विभाग. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग किती लांब आहे, हे आम्ही सर्वांत आधी विचारतो.

आता गाव. गाव म्हणजे केवळ घरापासूनचे अंतर नव्हे. त्या गावात कोणती तोंडे येतात हाही त्याचा अर्थ आहे. नागपूरचे सरकारी दंत महाविद्यालय 1968 सालचे. तेथे विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. खर्रा खाऊन खाऊन गालाच्या आतली कातडी दोरखंडासारखी ताठ झालेली, तीन बोटे उभी आत जात नाहीत अशी तोंडे तेथला विद्यार्थी पुस्तकाआधी पाहतो. कर्करोगाची पहिली पांढरी खूण त्याला ओळखता येऊ लागते. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे दातांवर तपकिरी डाग पडलेली माणसेही त्याच्या खुर्चीत येतात. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय 1933 सालचे आणि महापालिकेचे. तेथे लोकलमधून उतरून गिरणगावच्या जुन्या चाळींतला माणूसही येतो आणि कुलाब्यातला कारकूनही. मात्र मुंबईत राहण्याजेवण्याचा खर्च फीच्या डोक्यावर बसतो, हे विसरू नये. वसतिगृहात जागा मिळेल की नाही हे प्रवेशाआधी विचारावे. मागाहून विचारणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले.

सरकारी म्हणजे चांगले आणि खाजगी म्हणजे पोकळ, असा आमचा सिद्धान्त नाही. खेड्यांच्या तोंडाशी असलेली, गावोगाव शिबिरे घेणारी, गाडी पाठवून रुग्ण आणणारी आणि अल्प पैशांत त्यांना कवळी बसवून देणारी खाजगी कॉलेजेही आहेत. तेथली मुले दात काढण्यात कोणाला हार जाणार नाहीत.

या देशातले पहिले दंत महाविद्यालयही सरकारने काढलेले नव्हते. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत आयोवा येथे शिकून परतले आणि 1920 साली कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले. त्यासाठी पैसा हवा म्हणून त्यांनी सोडा फाउंटन चालविले. दातांच्या डॉक्टराने गोडधोड विकून दातांचे कॉलेज उभारावे, यात थोडा विनोद आहे खरा. पण विद्यार्थ्यांच्या बापांच्या प्लॉटवर ते उभे नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

पैशाचा हिशेब आम्ही पाटीवर मांडून दाखवितो. समजा, दोन कॉलेजांच्या फीमध्ये वर्षाला 4 लाखांचा फरक आहे. चार वर्षांचे 16 लाख झाले. ते दहा टक्क्यांनी काढले तर नुसते व्याज वर्षाला 1 लाख 60 हजार, म्हणजे महिन्याला तेरा हजारांच्या वर, मुद्दल तसेच. आणि वैद्यकाच्या इतर शाखांत इस्पितळ तरुणाला नोकरी देते, तसे दंतवैद्याचे सहसा होत नाही. त्याला स्वतःची खुर्ची घ्यावी लागते. कॉम्प्रेसर, एक्स-रे यंत्र, हत्यारे निर्जंतुक करण्याचे यंत्र, जागेची अनामत हे सारे आले. फीच्या कर्जात मान अडकलेला मुलगा हे दुसरे कर्ज काढू शकत नाही. मग तो टक्केवारीवर जातो. पुढे एम. डी. एस. करायचे तर आणखी तीन वर्षे, आणि तो प्रवेशही नीटच्या गुणांवर; तेथे बी. डी. एस. च्या कॉलेजचे नाव कोणी विचारीत नाही.

फीविषयी एक भेद पालकांना ठाऊक नसतो. महाराष्ट्रातील खाजगी कॉलेजांची फी 2015 च्या कायद्यान्वये नेमलेले प्राधिकरण ठरविते. अभिमत विद्यापीठे त्या कक्षेबाहेर आहेत. नावे दोन्हींची सारखीच भारदस्त, म्हणून गफलत होते. त्याखेरीज "वरचे" काही मागितले तर सरळ उठून यावे; कॅपिटेशन फीला राज्यात 1987 पासून कायद्याने बंदी आहे.

राहिले नाव. राज्यातील संलग्न कॉलेजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. प्रश्नपत्रिका एक, पदवी एक. आमच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र इतक्या वर्षांत फक्त एका रुग्णाने वाचले, आणि तोही चष्म्याचा नंबर वाढला का ते पाहत होता.

गेल्या वर्षी तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार मुलीला घेऊन आले. दोन एकर बाग. यादीत तीन नावे होती: एसटीने अर्ध्या तासावरचे खाजगी कॉलेज, एक नामांकित अभिमत विद्यापीठ, आणि नागपूर सरकारी. आई म्हणाली, "मुलीची जात, डॉक्टरसाहेब, आणि नागपूर म्हणजे एक दिवस आणि एक रात्र गाडीत." वडील अभिमत विद्यापीठाच्या बाजूचे. एक एकर विकायची त्यांनी मनाशी तयारीही केली होती. "लोकांत सांगायला बरे वाटते," असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. आम्ही या वेळी मत दिले नाही. मुलीला म्हणालो, "तिन्हीकडे जा. सकाळी साडेनऊला केसपेपरच्या खिडकीजवळ उभी राहा आणि अकरापर्यंत माणसे मोज. मग शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी गाठून विचार, की पेशंट स्वतः आणावे लागतात का?"

पोरीने वहीत रेघा मारून माणसे मोजली. जवळच्या कॉलेजात दीड तासात तेवीस. अभिमत विद्यापीठात सत्तेचाळीस, पण त्यांतले काही विद्यार्थ्यांचेच नातेवाईक निघाले. नागपुरात दोनशेच्या पुढे तिने मोजणे सोडले आणि एका आजीला जिना चढायला हात दिला. वडील त्या वहीकडे पाहत राहिले. आईने एवढेच विचारले, "वसतिगृहात मुलींना रात्री दार किती वाजता लावतात?"

महाराष्ट्र एक्सप्रेसने ती गेली. दिवाळीला आली तेव्हा आमच्यासाठी मेणाची एक दाढ कोरून आणली. मुळे किंचित वाकडी आहेत, एक उंचवटा जास्त घासला गेला आहे. ते आम्ही तिला सांगितले आणि ती जरा रुसली. दाढ आमच्या टेबलावर आहे. परवा तिचे वडील बागेतली द्राक्षे घेऊन आले, तेव्हा त्यांनी ती उचलून उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.